आतल्या खोलीतलं खाकरणं

अरविंद टिपणीसच्या घशात खवखवलं आणि तो खाकरणार, तेवढ्यात व्यासपीठावरची मुलगी म्हणाली, "आणि आतल्या खोलीत कुणीतरी खाकरतं." त्यानं आवंढा गिळला. डोळ्यांत पाणी आलं तरी तोंडावर रुमाल धरून तो तसाच बसून राहिला. वाशीतल्या त्या कॉलेजच्या सभागृहात एसी नको तितका गार होता, आणि तो आला होता तो केवळ सुचित्राला गाडी चालवता येत नाही म्हणून. कथेतल्या प्रतिमा आणि आशय असा काहीतरी चर्चासत्राचा विषय होता. पहिल्या रांगेत त्याची बायको बसली होती, मोतिया रंगाच्या साडीत, मान थोडी कललेली. तिच्या तीन कथासंग्रहांवर ही नंदिनी घरत नावाची प्राध्यापिका निबंध वाचत होती. मुलगी तिशीची असेल. आवाज खणखणीत. घर बदलतं, ती सांगत होती, बाई बदलते, बाईचं वय बदलतं, पण सुचित्राताईंच्या जवळजवळ प्रत्येक कथेत एक आतली खोली असते आणि तिथून एक आवाज येतो. कधी खाकरण्याचा, कधी वर्तमानपत्राच्या घडीचा, कधी टेबलावर पेन्सिल आपटल्याचा. त्या आवाजाचा माणूस बाहेर येत नाही. त्याला नाव नाही, चेहरा नाही. "पहिल्या कथेत आपल्याला तो नुसता आवाज वाटतो," नंदिनी म्हणाली, "पाचव्या-सहाव्या कथेत तोच आवाज आला की लेखिकेला पुढचं काही सांगावं लागत नाही. बाई एकटी आहे, हे वाक्य या तिन्ही पुस्तकांत कुठंही नाही. त्या वाक्याच्या जागी हा आवाज आहे." टाळ्या पडल्या. अरविंदनंही वाजवल्या. वाजवता वाजवता त्याच्या मनात आलं, पेन्सिल. पेन्सिल तर मी आपटतो.

परतताना पाम बीच रोडवर सुचित्रा खुशीत होती. शालीची पिशवी तिनं मांडीवर घेतली होती. "मोरा बंदरावरची आहे ती मुलगी," ती म्हणाली. "मला चहाच्या वेळी काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मॅडम, आमच्या घरी आतली खोलीच नव्हती, सगळे एकाच खोलीत, म्हणून मला तुमच्या गोष्टींतला तो आवाज लगेच ऐकू आला." अरविंदनं गिअर बदलला. "तुम्हाला कसा वाटला पेपर?" तिनं विचारलं. "बरा होता. हुशार आहे मुलगी." एवढं बोलून त्याला पुन्हा खोकला आला आणि तो त्यानं पुन्हा दाबला. उजवीकडे खाडीच्या बाजूला कांदळवन वाळल्यासारखं तपकिरी दिसत होतं. सुचित्रानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. निबंध ऐकताना नवरा चार रांगा मागे बसलाय हे तिच्या ध्यानात होतं का, हे त्याला विचारायचं होतं. खारघर येईपर्यंत ते जमलं नाही आणि नंतर लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे कुणीतरी होते.

तिच्या गोष्टी त्यानं वाचल्या नव्हत्या असं अगदी म्हणता येणार नाही. लग्नानंतर काही वर्षांनी तिची पहिली गोष्ट एका दिवाळी अंकात आली तेव्हा तिनं अंक त्याच्या हातात ठेवला होता आणि ती पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली होती. त्यानं ती उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाला, "छान आहे. तिसऱ्या पानावर वेलांटी चुकलीय बघ." तो नव्या शहराच्या आखणीत नोकरीला होता, नकाशावर एक रेघ चुकली तर रस्ता कुणाच्या तरी शेतात जायचा, चुका शोधणं हे त्याच्या हाताला लागलेलं वळण होतं. तिनं अंक घेतला, वेलांटी बघितली, म्हणाली, हो की. त्यानंतर तिनं काही वाचायला दिलं नाही आणि त्यानं मागितलं नाही. पुस्तकं आली, ती बाहेरच्या कपाटात उभी राहिली. पाहुण्यांना तो अभिमानानं सांगायचा, हिची तीन पुस्तकं आहेत. एका पुस्तकाला पारितोषिक मिळालं तेव्हा त्यानं सगळ्या मजल्यावर पेढे वाटले होते.

आता दुपारी सुचित्रा झोपली की तो एकेक पुस्तक आतल्या खोलीत नेऊ लागला. वाचायला बसला तेव्हा त्याला वाटलं होतं, त्या मुलीनं अतिशयोक्ती केली असेल. पण दुसऱ्याच गोष्टीत तो सापडला. एक बाई गच्चीवरून कपडे घेऊन येते, घड्या घालते, आतून रेडिओवरच्या बातम्या ऐकू येतात, बातम्या संपल्या की रेडिओ बंद केल्याचा खट्ट आवाज. बाकी काही नाही. बातम्या संपल्याबरोबर रेडिओ बंद करायचा, गाणी लागू द्यायची नाहीत, ही त्याचीच सवय. पुढच्या गोष्टीत फरफटणाऱ्या स्लिपर. त्याच्यापुढच्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो, बाई लगबगीनं चहाचं आधण ठेवते, आणि खुर्ची पुन्हा पुढे सरकते. तो माणूस कुठंच वाईट वागत नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता, ओरडत नव्हता. अरविंदला एखादं वाईट वाक्य सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यावर भांडता तरी आलं असतं. वाईट असता तर लेखिकेनं त्याला नाव दिलं असतं. पुस्तकांत भाजीवाल्याला नाव होतं, शेजारच्या हरेशला होतं, गॅलरीत येणाऱ्या एका मांजरीला होतं.

पुस्तक मिटून तो खुर्चीत बसून राही. खिडकीतून खारघरचा डोंगर दिसे, उन्हानं करपलेला, मधेच वणव्याचा काळा पट्टा. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात आपण घरात किती आवाज केले असतील, असा एक वेडगळ विचार त्याला चिकटला. त्यानं आवाज कमी करायला सुरुवात केली. स्लिपर काढून अनवाणी चालू लागला. वर्तमानपत्र पलंगावर पसरून वाचू लागला म्हणजे घडी वाजणार नाही. खोकला आला की उशीत तोंड खुपसायचं. पेन्सिल त्यानं खणात टाकली. घर इतकं शांत झालं की फ्रिज सुरू झालेला ऐकू येई. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाहेरून सुचित्राचा आवाज आला. "अहो, आहात ना?" तो म्हणाला, "आहे." थोड्या वेळानं ती दारात आली. हातात लिहायचं पेन तसंच होतं. तिनं खोलीभर नजर फिरवली, पलंगावर पसरलेल्या पेपराकडे, त्याच्या अनवाणी पायांकडे. "बरं नाही का तुम्हाला?" "बरा आहे की." "मग एवढे गप्प का?" तिच्या चेहऱ्यावर काळजीही होती आणि काम मोडल्याचा थोडा रागही. ती गेल्यावर तो चक्रावून बसला. आवाज नसला तर तिला चालत नव्हतं. मग त्या मुलीनं जे वाचलं ते काय होतं?

पण तिसऱ्या पुस्तकातली एक गोष्ट त्यानं अर्धवट टाकून दिली होती आणि तिच्याकडे परत जायला मन धजत नव्हतं. पहिल्या पानावरच त्याला वाशीचं जुनं घर दिसलं होतं: बाहेरची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, आणि मागे आतली खोली, जिथं त्याचं नकाशांचं टेबल होतं. शेजारच्या घरात फोन येतो. बाईला हाक मारतात. बाई परत येते आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर बसते. हे सगळं अरविंदला ठाऊक होतं. तो फोन पेणहून आला होता. सुचित्राची धाकटी बहीण अबोली तिथल्या शाळेत शिकवायची, लग्न केलं नव्हतं, दोन खोल्या घेऊन एकटी राहायची. मेंदूज्वरानं चार दिवसांत गेली. तेव्हा त्यांचा मुलगा स्वानंद दुसरीत होता, शाळेत गेलेला. दुपार होती. आतल्या खोलीत अरविंदला सगळं ऐकू आलं, शेजारणीची हाक, सुचित्राचं धावत जाणं, शेजारणीचं "अगंबाई, पोर गेली गं", आणि मग सुचित्राचं परत येणं, फरशीवर बांगड्या टेकल्याचा आवाज, आणि एक बारीक, दबलेला, पिशवी फाटत जावी तसा आवाज. तो खुर्चीवरून उठला. दारापर्यंत गेला. दाराला हात लावला. आणि तिथूनच खाकरला. मग परत येऊन बसला. गोष्टीत ते एकाच ओळीत होतं. अखेर एका संध्याकाळी त्यानं ती ओळ वाचलीच: "आतून खाकरल्याचा आवाज आला, आणि तिनं नळ पूर्ण सोडला."

त्याला नळ आठवत होता. त्याला वाटलं होतं, ती तोंड धुतेय, सावरतेय, माझं खाकरणं तिच्यापर्यंत पोचलं. इतकी वर्षं तो असंच मानत आला होता. मी आहे, असं त्याला म्हणायचं होतं आणि तोंडातून शब्द निघत नव्हता, म्हणून तो खाकरला होता. त्याचे वडील असेच होते. आजारी मुलाच्या उशाशी यायचे, खाकरायचे, जायचे, आणि मुलाला कळायचं. पण एवढंच होतं का? डोंगर काळा पडला, खाली सोसायटीच्या बागेत पोरांचा कालवा चालला होता, आणि अरविंद त्या दाराशी पुन्हा उभा राहिला. बाहेर का नाही गेलो? चार पावलं होती. कारण त्याच्या महिनाभर आधी त्याच दाराआड बसून त्यानं दुसरं काहीतरी ऐकलं होतं, आणि ते त्यानं आजवर स्वतःपाशीसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं. अबोली दोन दिवस राहायला आली होती. ती आली की घराचा आवाजच बदलायचा. बहिणीला ताईऐवजी ती तायड्या म्हणायची, आणि गाताना मधलेच शब्द विसरली की भाज्यांची नावं घालून गाणं पुरं करायची. त्या सकाळी दोघी हसत होत्या आणि मग एकाएकी आवाज खाली आले. अबोली म्हणाली, "तायड्या, तू इथं राहतेस कशी गं? दिवसभर तुझ्याशी बोलतं तरी का कुणी? माझ्याकडे चल. स्वानंदला घेऊन चल. आमच्या शाळेत जागा निघतेय, मी बोलते हेडमास्तरांशी." अरविंदचा हात नकाशावरच थांबला. सुचित्रा काहीतरी म्हणाली. नेमकी तेव्हाच कुकरची शिटी झाली. शिटी विरली तेव्हा ती बोलून झाली होती. मग तो खाकरला होता, मोठ्यानं, आणि दोघी गप्प झाल्या होत्या. तेही खाकरणंच होतं. ते आणि महिन्यानंतरचं, दोन्हींत त्याला फरक करता येईना. एकात धाक होता आणि दुसऱ्यात माया, असं तो स्वतःला समजावू पाहत होता. पण घसा तोच होता, दार तेच होतं, आणि बाहेर बसलेल्या बाईला दोन्ही सारखीच ऐकू आली असणार.

रविवारी सुचित्रानं कोलंबी आणली. अरविंद स्वयंपाकघरात आला, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. "काय हवंय?" तिनं विचारलं. "काही नाही. मीही सोलतो." तिनं आश्चर्यानं थोडी कोलंबी त्याच्याकडे सरकवली. त्याला ते काम येत नव्हतं. कवच काढताना अर्धं मांसही निघत होतं. ती थोडा वेळ बघत राहिली. "पाठीतला काळा धागा निघायला हवा. असा. नाहीतर दात चरचरतात." तो धागा शोधू लागला. ती अस्वस्थ झालीय हे त्याला कळत होतं. चारदा तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही आत बसा ना. माझं होईल." "माझी अडचण होते का?" "तसं नाही. पण मी कामात असले की डोक्यात काहीतरी चाललेलं असतं. समोर कुणी बसलं की ते थांबतं." "आणि आत बसलो की?" तिनं आणखी एक कोलंबी उचलली. मग म्हणाली, "वाचलीत ना पुस्तकं? कपाटात उलटी लावून ठेवलीत."

"वाचली," तो म्हणाला. "तो मी आहे."

तिनं नाकारलं नाही. हातातली कोलंबी सोलून पातेल्यात टाकली. "सुरुवातीला तुम्ही नव्हता," ती म्हणाली. "पहिल्या चार-पाच गोष्टींत बाबा होते. आमच्या महाडच्या घरात आतून बाबा खाकरले की आई बोलता बोलता थांबायची. ते मी लिहीत होते. मग कधीतरी लिहिताना कान दिला आणि आतून तुमचा आवाज आला. तोच होता. मला वेगळा काही शोधावा लागला नाही." हे ती अगदी शांतपणे बोलली, हिशेब चुकता करण्याचा सूर त्यात नव्हता. अरविंद म्हणाला, "अबोली गेली त्या दुपारी मी मुद्दाम खाकरलो होतो. तुला कळावं म्हणून. की मी आहे."

सुचित्राचे हात थांबले. "हे तुम्ही आज सांगताय?"

तेवढ्यात ओट्यावरचा तिचा फोन वाजला. हात माखलेले म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला. नंदिनी घरत होती. रविवारी फोन करीन असं तिनं सांगितलंच होतं. निबंध मासिकात छापायला जायचा होता. "मॅडम, एकच शंका. तो आवाज म्हणजे बाईचं एकटेपण, असं मी ठाम लिहिलंय. तुमच्या मनात तेच होतं ना? नाहीतर मी शब्द बदलते." अरविंद खाली बघत राहिला. सुचित्रा त्याच्याकडे बघत होती. "बदलू नकोस," ती फोनकडे न बघता म्हणाली. "तुला ऐकू आलं तसंच छाप." "पण बरोबर आहे ना, मॅडम?" "बरोबर आहे. मलाही तसंच ऐकू आलं होतं." मग आणखी काही मामुली बोलणं झालं, आईला नमस्कार सांग वगैरे, आणि फोन बंद झाला.

अरविंदला वाटलं, आता उठावं. आत जाऊन पलंगावर आडवं व्हावं. पाय तिकडेच निघाले होते. पण तो उठला नाही. "अबोली शेवटची आली होती," तो म्हणाला, "तेव्हा ती तुला म्हणाली, माझ्याकडे चल. शाळेत जागा निघतेय म्हणाली. तायड्या म्हणाली." "तायड्या," सुचित्रा पुटपुटली. "हे मी कुठं लिहिलं नाहीये. हे तर मी विसरलेच होते." "मी आत होतो. मला ऐकू यायचं सगळं. ती गाण्यात पडवळ आणि घेवडा घालायची, तेही. तू काय उत्तर दिलंस तेवढं ऐकू आलं नाही. कुकरची शिटी झाली."

"आणि एवढ्या वर्षांत विचारलं नाहीत."

"नाही."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज बराच वेळ येत राहिला. सुचित्रानं बोटांना लागलेली कवचं एकेक करून काढली. "येते म्हणाले होते," ती म्हणाली. "स्वानंदची परीक्षा झाली की येते. रागानं नव्हे हो. तुमच्यावर रागवायला काही नव्हतंच. नुसतं वाटलं, कुणीतरी बोलणारं असेल." ती थांबली. "तुम्ही त्या दुपारी बाहेर का नाही आलात? खरं सांगा."

"भीती वाटली."

"कसली?"

"तू माझ्याकडे बघशील आणि जायचं ठरवशील, असं वाटलं. दाराला हात लावला होता मी."

"अहो, तीच गेली होती," सुचित्रा म्हणाली. "मी कुठं जाणार होते?"

आणि तिचा आवाज फुटला. ती तशीच बसून रडली, हात पातेल्यावर अधांतरी, मनगटानं डोळे पुसायचा एक प्रयत्न करून सोडून दिलेला. लग्नाला चाळीसहून अधिक वर्षं झाली होती, तिचं रडणं त्याला भिंतीपलीकडून नीट ओळखू यायचं, आणि रडताना तिचा चेहरा कसा होतो हे त्याला माहीत नव्हतं. तो त्यानं आता बघितला. खालचा ओठ लहान मुलीसारखा बाहेर आला होता, नाकाचा शेंडा लाल झाला होता, डावा डोळा उजव्याच्या आधी भरत होता. तिनं "बघू नका" म्हटलं. तो बघत राहिला.